अढी

रापणीत एक मासा आला बोटाएवढा,
अंगावर चार पिवळे पट्टे.
आमच्या तारामुंबरीत कुणालाच त्याचं नाव सांगता येईना.
ज्याला बाजारात भाव नाही, त्याला नावही नसतं.
वेदिकाने तो बादलीत ठेवला
आणि भरतीच्या वेळा पाठ केल्या:
दर भरतीला जुनं पाणी ओतायचं, नवं आणायचं.

फाल्गुन निघाला. चैत्र निघाला.
पण आगोटीनंतर खाडी लाल होते,
डोंगराची माती घेऊन उतरते.
तेव्हा बादलीत काय भरणार?

म्हणून मी, मोटारी बांधणारा माणूस,
कोल्हापूरच्या मुल्लाणींना फोन लावला.
टाकी केवढी? तीन फूट.
मग तासाला हजार लिटर फिरवा,
कॅनिस्टर घ्या, नाहीतर खाली संप करा,
आणि प्रोटीन स्किमर तर हवाच.

पंप मला कळतो. इम्पेलर, वाइंडिंग, कुठून जळाला ते वासावरून.
स्किमर कळेना.
"हवेचे बारीक बुडबुडे, त्यांना घाण चिकटते,
फेस होऊन वर चढते..."
मागून संजीवनी म्हणाली, पाकावरची मळी.
दुधाचा थेंब टाकला की वर येते, ती काढायची.
मुल्लाणी पलीकडून म्हणाले, वहिनींना कळलं.

बाबी पडवीत बसून ऐकत होते. माझे वडील.
जन्मभर जाळं ओढलेले हात मांडीवर उताणे.
"दर्याक गाळणी कोणी लावल्यान रे?"

तेव्हा बोललो नाही.
रात्री किमतींचा कागद घेऊन बसलो
तर उत्तरं येतच गेली:
खडकावरची कालवं, चिखलातल्या कुर्ल्या,
कांदळाची वर डोकावणारी मुळं,
फेस किनाऱ्यावर टाकून रिकामी परतणारी लाट.
एवढा सगळा बारदाना
मला साडेसात हजारांत बसवायचा होता.

कॅनिस्टर सुबक, पण बंद. धुवायचा कंटाळा केला
की घाण आतल्या आत मुरत राहते,
तशी माणसं मला ठाऊक आहेत.
पोवळ्याच्या दगडाला हात लावायचा नाही, कायदा आहे.
शेवटी बर्फाची जुनी पेटी टाकीखाली सरकवली.
पत्रे घातले तेव्हा उतरवलेली मंगलोरी कौलं
फोडून, उकळून, तिच्यात भरली.
स्किमर मुल्लाणींकडचाच, वापरलेला,
कपाला चीर. ती मी सांधली.

आता मासा टाकू नका, म्हणाले. सहा आठवडे.
कौलाच्या छिद्रांत काहीतरी वस्तीला येईल,
डोळ्यांना न दिसणारं, माशाचं विष खाऊन जगणारं.
पाणी पिकू द्या.
रिकाम्या टाकीत एक कोळंबी टाकली, कुजायला.
शेजारचे गिरकर बघून गेले, काही बोलले नाहीत.

संजीवनी म्हणाली, आंब्याची अढी वासावरून कळते. ह्याचं काय?
नळीत थेंब टाकायचे.
हिरवं म्हणजे कच्चं, पिवळं म्हणजे तयार.
मग आंबाच की, म्हणाली.

पाचव्या आठवड्यात मध्यरात्री वीज गेली.
पंपाच्या आवाजाने नाही, आवाज थांबल्याने जागा झालो.
बाहेर दर्या चालूच होता, त्याला कुठे बटण.
आणि घरात अजून एक आवाज,
थांबून थांबून, पाण्यात पाणी.
बॅटरी मारली. बाबी पाटावर बसलेले,
लोटा भरून उचलत होते,
उंचावरून परत टाकीत सोडत होते.

बाबी, मासा नाही अजून त्यात.
"माका ठावक आसा.
पण दिसनत नाय ती आसत मां?
तेंका वारो नको?"

मी दुसरा लोटा आणला.

सकाळी थेंब टाकले. रंग पोपटी,
हिरवा म्हणवत नाही, पिवळाही नाही.
कपातलं चहासारखं पाणी माडाच्या आळ्यात ओतलं.
आभाळ भरून आलं होतं तळाशिलाकडून.
वेदिका भिंतीवरची वेळ बघून
बादली घेऊन निघाली.